वर्तमानस्वीकार

वर्तमानस्वीकार : मनात आलेली चिंता हुसकावून न लावता तिची नोंद घेणे आणि लक्ष पुन्हा श्वास, पावले, आवाज किंवा हातातले काम यांकडे आणणे, असा सराव. यात स्वीकारायची असते ती या क्षणाची अस्वस्थता. परिस्थिती बदलण्याचे काम सोडून द्यायचे नसते. सोलापुरात काही दिवसांआड येणाऱ्या नळाच्या पाण्याची काळजी घरोघरी असते. पाणी आले की पिंप, हंडे भरून ठेवणे, नाही आले तर तक्रार करणे, हे स्वीकारात बसते. रात्री दोन वाजता अंथरुणात ‘उद्या नाही आले तर?’ याची उजळणी करणे बसत नाही. ‘नशिबात आहे ते भोगायचे’ असा याचा अर्थ सर्रास लावला जातो, तो चुकीचा आहे.

सरावाचे मूळ बौद्ध परंपरेतील सतिपट्ठानात, म्हणजे सजगतेच्या ध्यानात, आहे. जॉन काबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागात त्याला अभ्यासक्रमाचे रूप दिले. चिंता दाबून का जात नाही, याचा धागा मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेगनर यांच्या १९८७ च्या प्रयोगात सापडतो. पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, असे सांगितलेल्यांना तो टाळता आला नाही. बंदी उठल्यावर तर तो जास्तच आला. विचार गेला की नाही हे तपासण्यासाठी मनाला त्याच विचारावर पहारा ठेवावा लागतो, हे त्यामागचे कारण मानले जाते.

सराव बसून किंवा चालताना करतात. पहिल्या आठवड्यात ५ मिनिटे, पुढे १० ते १५ मिनिटे, दिवसातून दोनदा पुरे. पाठ ताठ पण सैल ठेवावी. चिंता आली की तिला पूर्ण वाक्यात मांडावे : ‘हप्ता चुकेल, असा विचार आत्ता मला आला आहे.’ नुसते ‘हप्ता चुकेल’ आणि हे वाक्य यांत मोठा फरक आहे. दुसऱ्यात भाकीत हे फक्त मनात आलेला एक विचार ठरते. मग ती चिंता शरीरात कुठे जाणवते ते पाहावे : छातीत धडधड, पोटात गोळा, आवळलेला जबडा. तिथे दोन-तीन श्वास थांबून लक्ष पुन्हा ठरलेल्या ठिकाणी आणावे. दहा मिनिटांत ते तीस वेळा सुटले तर तीस वेळा आणावे. यंत्रमागावर उभा धागा तुटला की कारागीर माग थांबवतो, गाठ मारतो आणि माग पुन्हा चालू करतो. धाग्यावर चिडत बसत नाही. ही गाठ मारणे म्हणजेच सराव.

श्वास हे लक्षाचे नेहमीचे ठिकाण असले तरी ते सर्वांना मानवत नाही. दमा असलेल्यांना किंवा कापसाच्या तंतूंमुळे छातीचा त्रास झालेल्यांना श्वासाकडे पाहताच भीती वाढू शकते. त्यांनी तळपायांचा जमिनीला होणारा स्पर्श किंवा मागाची लय धरावी. बिडी वळणाऱ्या बाईला बोटांखालचे पान आणि दोऱ्याचा ताण पुरतो, वेगळी सवड काढावी लागत नाही. मुद्दाम खोल, भराभर श्वास घेणे ही आणखी एक चूक : रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरते आणि माणूस ‘झटका आला’ म्हणून अधिकच घाबरतो. श्वास बदलायचा नाही, फक्त पाहायचा.

वेळही महत्त्वाची. एप्रिल-मेच्या चाळीस अंशांपुढच्या दुपारी बसल्यास डुलकी तरी लागते, नाही तर उकाड्याशी झुंज होते. सकाळी लवकर सोलापुरातील सिद्धेश्वर तलावाच्या परिसरात संथ चालत टाच, तळवा, बोटे अशी पावले जाणणे नवशिक्यांना सोपे जाते.

सर्वांत चिवट चूक मात्र वेगळीच : ‘पाच मिनिटे झाली, टेन्शन अजून का जाईना?’ असे मोजत राहणे. म्हणजे स्वीकाराच्या नावाखाली पुन्हा हुसकावणेच.

जोडीला ‘चिंतेची वेळ’ ठेवतात : रोज संध्याकाळी एकाच जागी १५ ते २० मिनिटे, झोपेच्या अगदी तोंडावर नको. दिवसभरातल्या काळज्या वहीत लिहून आज काही करता येण्याजोग्या वेगळ्या काढायच्या आणि त्यांपुढे नेमके काम लिहायचे. इतर वेळी आलेल्या काळजीला संध्याकाळची वेळ द्यायची.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २७६ चिंताविकारग्रस्तांवरील अमेरिकी चाचणीत आठ आठवड्यांचा असा अभ्यासक्रम एस्सिटॅलोप्रॅम या औषधापेक्षा कमी पडला नाही. पण तेवढ्यावरून चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. धडधडीसोबत छातीत दुखत असेल तर आधी हृदयाची तपासणी करावी. वजन घटणे, हात थरथरणे असेल तर थायरॉईडचीही. सहा महिने बहुतेक दिवस चिंता राहून झोप वा काम बिघडत असेल, किंवा डोळे मिटताच जुने आघात उसळून येत असतील, तर सराव तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावा. जीव द्यावासा वाटत असल्यास सरावाची वाट न पाहता शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावावा; तो चोवीस तास चालू असतो.