पार्श्वभूमी : बोलणाऱ्या यंत्राचे पैसे आणि मेडिकेअरची कुलपे

मेंदूच्या किंवा चेतासंस्थेच्या आजारामुळे ज्यांची वाचा गेली आहे, त्यांच्यासाठी बोलणाऱ्या यंत्राचा खर्च अमेरिकेतला सरकारी विमा उचलतो, हे आता सगळे गृहीत धरतात. वाद उरले आहेत ते कोणते यंत्र, बिलाच्या कोणत्या कोडखाली आणि विमा देत नाही ते वीस टक्के कोणी भरायचे, एवढेच. पण २००० सालापर्यंत या विम्याचे, म्हणजे वृद्धांसाठी आणि दिव्यांगांसाठी असलेल्या मेडिकेअरचे, उत्तर एका ओळीचे होते आणि ते नकाराचे होते.

या नकाराचे मूळ ‘टिकाऊ वैद्यकीय उपकरण’ या वर्गात आहे. वस्तू पुन्हा पुन्हा वापरता आली पाहिजे, तिचा मुख्य उपयोग वैद्यकीय असला पाहिजे, आजार किंवा दुखापत नसलेल्या माणसाला ती सहसा उपयोगी पडता कामा नये आणि ती घरी वापरण्याजोगी हवी, अशा या वर्गाच्या अटी. व्हीलचेअर बसते, वॉकर बसतो. कोणती वस्तू चालते आणि कोणती चालत नाही याची एक यादीच मेडिकेअरकडे होती. तीत संवादयंत्रापुढे शेरा होता : सोयीची वस्तू, मुख्यत्वे वैद्यकीय नाही. घरातली लिफ्ट आणि पलंगावर सरकवायचे टेबल यांच्यापुढेही हाच शेरा होता. म्हणजे तोंडातून शब्द न फुटणाऱ्या माणसाचे बोलणे आणि पलंगावरच्या टेबलाची सोय सरकारी हिशेबात एका पारड्यात बसली होती.

गंमत अशी की याच मेडिकेअरला बोलणे वैद्यकीय आहे हे ठाऊक होते. कर्करोगामुळे स्वरयंत्र काढलेल्या रुग्णाला गळ्याशी धरायचे विजेवर चालणारे कृत्रिम स्वरयंत्र मिळत असे. ते ‘कृत्रिम अवयव’ या वेगळ्या खात्यात पडत होते, कारण शरीरातला एक भाग गेला आणि त्याचे काम यंत्र करू लागले. पक्षाघात, सेरेब्रल पाल्सी किंवा एएलएस (स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा आजार) झालेल्याचे स्वरयंत्र मात्र जागेवर असते, निकामी झालेले असतात ते त्याला हुकूम देणारे मार्ग. परिणाम तोच, माणूस मुका. तरी एकाला पैसे आणि दुसऱ्याला ‘सोय’. या विसंगतीचे समाधानकारक उत्तर निदान माझ्या वाचनात कधी आले नाही.

मेडिकेडची, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी विम्याची, वाट निराळी होती. तिथे राज्यांचा कारभार, त्यामुळे राज्याराज्यांत फरक आणि लढायाही कोर्टात. १९८५ मध्ये आयोवातल्या एका खटल्यात संघीय अपील न्यायालयाने विद्युत संवादयंत्राचा खर्च राज्याला द्यायला लावला. मेडिकेडच्या कायद्यातल्या १९८९ च्या दुरुस्तीने २१ वर्षांखालच्या मुलांना वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक ते सर्व मिळण्याचा हक्क दिला. त्यामुळे मुलांचा मार्ग बराच मोकळा झाला, पण एकविसावा वाढदिवस झाला की दार बंद. टेक्सासमध्ये हाच वयाचा भेद १९९६ च्या एका निकालात फेटाळला गेला. शाळांच्या पैशांतून येणारी यंत्रे हे आणखी वेगळे प्रकरण आहे. ती शाळेच्या मालकीची असतात आणि शिक्षण संपले की बहुधा शाळेतच राहतात.

मोठा बदल झाला तो मेडिकेअरमध्ये. १९९९ च्या अखेरीस व्यावसायिकांच्या, दिव्यांगांच्या आणि उत्पादकांच्या संघटनांनी मिळून धोरण बदलण्याची रीतसर मागणी केली. मेडिकेअर चालवणाऱ्या सरकारी यंत्रणेने आधी जुना नकार मागे घेतला आणि १ जानेवारी २००१ पासून नवे राष्ट्रीय धोरण लागू केले. ‘आवाज निर्माण करणारे यंत्र’ हे त्यातले नाव यंत्रणेनेच रूढ केले. दरवर्षी रुग्णाने आधी स्वतः भरायची ठरलेली रक्कम भरून झाली की मंजूर किमतीच्या ८० टक्के मेडिकेअर देणार आणि बाकी रुग्णाने किंवा त्याच्या पूरक विम्याने भरायचे. त्यासाठी स्पीच थेरपिस्टचा लेखी अहवाल लागतो, डॉक्टरांचा आदेश लागतो आणि तो थेरपिस्ट यंत्र पुरवणाऱ्याशी आर्थिकदृष्ट्या बांधलेला नसावा लागतो. एका यंत्राचे आयुष्य सर्वसाधारणपणे पाच वर्षे धरले जाते. याच वर्षी, जुलै २००१ पासून, एएलएसच्या रुग्णांसाठी मेडिकेअर सुरू होण्याआधीची २४ महिन्यांची प्रतीक्षाही रद्द झाली. या आजारात अनेकांची वाचा प्रतीक्षा संपण्याआधीच जात असे, त्यामुळे हे दोन निर्णय जवळजवळ आल्याने प्रत्यक्षात फार फरक पडला.

पण याच धोरणात एक काटा होता, आणि पुढच्या पंधरा वर्षांचे निम्मे वाद त्यातून उगवले. पैसे मिळणार ते ‘समर्पित’ यंत्राला. म्हणजे जे फक्त तीव्र वाचादोष असलेली व्यक्ती वापरते आणि जे बोलण्याशिवाय दुसरे काही करत नाही. वर्ड प्रोसेसिंग किंवा हिशेब असली कामे ज्यावर चालतात ते यंत्र नको. लॅपटॉप, डेस्कटॉप, हातातले छोटे संगणक यांना थेट नकार, कारण ते मुख्यत्वे वैद्यकीय नाहीत. त्यातही एक पळवाट यंत्रणेनेच ठेवली : संगणकावर घालायचे बोलण्याचे सॉफ्टवेअर मात्र मंजूर. म्हणजे रुग्णाने संगणक स्वतःच्या पैशाने घ्यायचा आणि सरकार फक्त त्यातल्या आवाजाचे पैसे देणार.

हा नियम दुष्टपणाने लिहिला गेला असे मला वाटत नाही. सरकारी पैशातून कोणी घरचा संगणक विकत घेऊ नये, एवढी ती साधी भीती होती. शिवाय आजार नसलेल्यालाही जे उपयोगी ते वैद्यकीय नव्हे, ही जुनी अट मोडायची नव्हती. पण २००१ मध्येच अनेक यंत्रे आतून संगणक होती. उत्पादकांनी मग सोपा उपाय केला. संगणक तोच, वर बोलण्याचा पडदा आणि बाकी सगळे कुलूपबंद. विमा वापरून यंत्र मिळाले की वापरणाऱ्याने स्वतःच्या खिशातून थोडी रक्कम भरायची आणि कुलूप उघडून घ्यायचे. मग ईमेल चाले, इंटरनेट चाले. नजरेने चालणारे यंत्र असेल तर बिछान्यावर खिळलेल्या माणसाला त्यातूनच जगाशी संपर्क ठेवता येई. नियम कागदावर पाळला जात होता आणि लोकांचे काम चालत होते.

२०१० नंतर टॅबलेट आले आणि हा नियम उघडा पडला. काही शे डॉलरचा टॅबलेट आणि त्यावरचे दोनेकशे डॉलरचे संवाद-ॲप अनेकांचे काम भागवत होते, पण टॅबलेटला पैसे नाहीत. सात-आठ हजार डॉलरच्या समर्पित यंत्राला आहेत. स्वस्त नाकारून महाग मंजूर करणारी ही व्यवस्था काटकसरीच्या नावाने उभी होती, हे विसरून चालणार नाही. महागड्या यंत्रात टिकाऊ आवरण, मोठा स्पीकर, दुरुस्ती आणि प्रशिक्षण मिळते, हेही खरे आहे, आणि टॅबलेटवाले ते सोयीस्करपणे विसरतात.

२०१४ मध्ये दोन गोष्टी एकदमच अंगावर आल्या. यंत्रे विकत देण्याऐवजी १३ महिन्यांच्या भाड्याने देण्याची पद्धत या यंत्रांना लागू झाली. हप्ते पूर्ण झाले की यंत्र रुग्णाचे. पण मधल्या काळात रुग्ण रुग्णालयात, नर्सिंग होममध्ये किंवा हॉस्पिसमध्ये (अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांच्या शुश्रूषेत) गेला तर मेडिकेअरचे हप्ते थांबणार. बोलण्याची सर्वाधिक गरज जिथे असते तिथेच यंत्र हातातून जाण्याची वेळ. त्याच वर्षी मेडिकेअरसाठी दावे तपासणाऱ्या कंत्राटदारांनी नियमाची ‘आठवण’ करून देणारे पत्रक काढले : ज्याचे कुलूप नंतर उघडता येते ते यंत्र समर्पित नाही, सबब त्याला पैसे नाहीत. तेरा वर्षे सगळ्यांना माहीत असलेली तडजोड एका पत्रकाने संपत होती. ओरड एवढी झाली की वर्ष संपायच्या आत ते पत्रक मागे घ्यावे लागले.

भाड्याच्या पद्धतीवरचा उपाय कायद्यातून आला. एएलएस झालेल्या, नंतर बोलण्यासाठी यंत्रावर अवलंबून राहिलेल्या एका माजी अमेरिकन फुटबॉलपटूच्या नावाचा हा कायदा. त्यावर सही झाली ३० जुलै २०१५ ला, मेडिकेअरचा मूळ कायदा झाल्याला बरोबर पन्नास वर्षे पूर्ण होत होती त्या दिवशी. ही यंत्रे भाड्याच्या सक्तीतून बाहेर आली आणि नजरेने चालवायच्या जोडणीलाही स्पष्ट आधार मिळाला. पण मुदत होती १ ऑक्टोबर २०१८ पर्यंतचीच. फेब्रुवारी २०१८ च्या अर्थसंकल्पी कायद्यात ती मर्यादा काढून तरतूद कायम करण्यात आली.

जुलै २०१५ मध्येच यंत्रणेनेही राष्ट्रीय धोरण सुधारले. यंत्र तीव्र वाचादोष असलेल्या व्यक्तीपुरते मर्यादित असावे आणि मुख्यत्वे बोलण्यासाठी असावे, ही अट राहिली. पण ईमेल, मजकुरी संदेश आणि फोनवरचे संदेश तयार करण्याची क्षमता आता चालणार होती. शेवटी बोलणे म्हणजे समोरच्या खोलीतल्या माणसाशी बोलणे एवढेच नव्हे, हे मान्य झाले. इंटरनेटचे किंवा फोनचे बिल मात्र रुग्णाचेच. व्हिडिओ कॉलही बाहेरच राहिला.

आज बाजारात मिळणाऱ्या कित्येक मंजूर यंत्रांच्या आत साधा टॅबलेटच असतो, जाड आवरणात, मोठ्या स्पीकरसह आणि कुलूप लावलेला. २०२३ पासून काही फोनमध्येच माणसाचा स्वतःचा आवाज साठवून टंकलेला मजकूर त्या आवाजात बोलण्याची सोय आली आहे, आणि पाठोपाठ नजरेने पडदा चालवण्याचीही. तो फोन दुकानातून घेतला तर मेडिकेअर त्याचे पैसे देत नाही.