नळीचा व्यास आणि यागीची मापं : एका हिशोबाची पार्श्वभूमी

यागी अँटेना म्हणजे एका दांड्यावर (बूमवर) ओळीने बसवलेल्या धातूच्या नळ्यांचा (एलिमेंटचा), एका दिशेला रोखलेला अँटेना. त्याच्या आराखड्यात एलिमेंटच्या लांब्या, त्यांच्यातली अंतरं आणि नळीचा व्यास दिलेला असतो. लांबी आणि अंतर सगळेच काटेकोर पाळतात. व्यासाचं मात्र तसं होत नाही. सांगितलेली नळी मिळाली नाही की जवळपासच्या मापाची घेतली जाते आणि लांब्या तशाच ठेवल्या जातात. मग गेन (पुढच्या दिशेला मिळणारा जोर) कमी पडतो, मागच्या बाजूचे सिग्नल दबत नाहीत, आणि दोष आराखड्याला दिला जातो.

जपानमधल्या सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी हा अँटेना १९२६ साली मांडला. प्रयोगांचा मोठा भार उदांनी उचलला होता. १९२८ मध्ये यागींचा इंग्रजी लेख अमेरिकेत छापून आला आणि जगभर एकट्या यागींचंच नाव रूढ झालं. उदांवर हा अन्यायच झाला.

यागीत फीडलाइन (रेडिओकडून येणारी केबल) एकाच एलिमेंटला जोडलेली असते. बाकीच्यांत प्रवाह शेजाऱ्यांमुळे निर्माण होतो. तो किती आणि कोणत्या फेजमध्ये (म्हणजे किती पुढेमागे) वाहील हे अंतरावर आणि त्या एलिमेंटच्या रिअ‍ॅक्टन्सवर ठरतं. रिअ‍ॅक्टन्स म्हणजे एसी प्रवाहाला होणारा असा विरोध, ज्याने प्रवाहाची फेज सरकते. लांबी हे तो रिअ‍ॅक्टन्स मिळवण्याचं साधन आहे. नळी जाड झाली की तोच रिअ‍ॅक्टन्स कमी लांबीत मिळतो.

पण सगळी एलिमेंट सारख्याच टक्क्यांनी कापून चालत नाही, आणि गफलत बहुतेक इथेच होते. बरोबर अर्ध्या तरंगलांबीच्या एलिमेंटचा रिअ‍ॅक्टन्स सुमारे ४० ओहम असतो आणि व्यासाने तो फारसा हलत नाही. लांबी त्याहून जितकी कमी, तितका व्यासाचा परिणाम मोठा. १४४ मेगाहर्ट्‌झवर ६ मिमीऐवजी १२ मिमीची नळी घेतली, तर ०.४३ तरंगलांबीचा डायरेक्टर (पुढचं एलिमेंट) अंदाजे २४ मिमीने आखूड करावा लागतो; ०.४९ तरंगलांबीच्या रिफ्लेक्टरला (मागच्या एलिमेंटला) मात्र ३-४ मिमी पुरतात.

हे हॅम (हौशी रेडिओवाल्या) लोकांच्या आवाक्यात आणलं ते पीटर व्हिझबिकी यांनी. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्‌सने १९७६ मध्ये त्यांचा अहवाल छापला. ४०० मेगाहर्ट्‌झवर प्रत्यक्ष मोजमापं घेऊन केलेलं हे काम. मूळ तक्त्यांतला व्यास तरंगलांबीच्या ०.००८५ पट, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीवर सुमारे ६.४ मिमी. १४४ मेगाहर्ट्‌झवर हेच प्रमाण ठेवायचं तर जवळजवळ १८ मिमीची नळी लागेल, आणि १४ मेगाहर्ट्‌झवर १८० मिमीची! म्हणूनच अहवालातले व्यासानुसार लांबी काढून देणारे आलेख तक्त्यांपेक्षा मोलाचे ठरले. धातूचा बूम एलिमेंटला विद्युतदृष्ट्या आखूड करतो, त्याची दुरुस्तीही त्यात वेगळी दिली होती. पुढे जर्मनीच्या डीएल६डब्ल्यूयू या कॉलसाइनच्या हॅमने लांब बूमच्या यागींसाठी हीच दिशा पकडली.

एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्‌झ) अडचण निराळी आहे. तिथलं एलिमेंट एकाच व्यासाचं नसतं. मधे जाड नळी आणि टोकाकडे एकात एक सरकवलेल्या बारीक नळ्या. असं निमुळतं एलिमेंट सरासरी व्यासाच्या सरळ नळीपेक्षा लांब ठेवावं लागतं. जेम्स लॉसन यांनी १९८० च्या सुमारास यागीच्या अभ्यासात या हिशोबाची पद्धत घालून दिली. त्यानंतर संगणक आले, पण लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतून १९८१ मध्ये आलेला एनईसी-२ हा अँटेनाचा हिशोब करणारा प्रोग्राम नेमका व्यास बदलतो तिथेच चुकत असे. डेव्हिड लीसन यांनी १९९२ मध्ये उपाय दिला : निमुळत्या एलिमेंटच्या जागी त्याच्या तोडीचं एकसमान व्यासाचं एलिमेंट काढायचं आणि प्रोग्रामला तेच द्यायचं.

नळी बदलतानाही हाच मार्ग धरावा. आधी मूळ आराखड्यातल्या प्रत्येक एलिमेंटचा एकसमान जोडीदार काढायचा, आणि मग आपल्या नळ्यांतून तेवढाच रिअ‍ॅक्टन्स देणारी टोकाची लांबी शोधायची. अमेरिकन आराखड्यांबाबत हे टाळता येत नाही. तिथल्या नळ्या १/८ इंचाच्या टप्प्याने येतात आणि ०.०५८ इंच जाडीमुळे एकीत दुसरी अलगद सरकते. २५ मिमी नळीची जाडी १.५ मिमी असेल तर आत बरोबर २२ मिमी उरतात, म्हणून २२ मिमीची नळी त्यात जाणारच नाही. मग टप्पे बदलावे लागतात, आणि टप्पे बदलले की लांबीही बदलते.