गच्चीवरची छत्री आणि उपग्रहांचा धंदा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरांत मुंबई दूरदर्शनच्या मनोऱ्याचे प्रक्षेपण पोचत नसे. मराठी मालिका बडोद्यात रोजच्या झाल्या त्या उपग्रह वाहिन्यांमुळे: १९९९ मध्ये अल्फा मराठी, पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी. उपग्रहांच्या धंद्याचा तो सुकाळ होता. उपग्रहावरचा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे संदेश झेलून परत जमिनीकडे पाठवणारे यंत्र, वाहिन्यांना भाड्याने द्यायचा आणि वर्षानुवर्षे भाडे खायचे!

या धंद्याची सुरुवात मात्र टेलिफोनपासून झाली. १९६५ च्या ‘अर्ली बर्ड’ या उपग्रहावर २४० टेलिफोन मार्ग होते. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह जमिनीवरून स्थिर दिसतो, म्हणून डिश अँटेनाची छत्री एकदा बसवली की हलवावी लागत नाही. पण एवढ्या अंतराने संभाषणात पाव सेकंदाचा उशीर होतो. टीव्हीला तो जाणवत नाही, बोलणाऱ्याला जाणवते.

त्यावर उपाय म्हणून ‘इरिडियम’ या उपग्रह-फोनच्या कंपनीने ६६ उपग्रह ७८० किलोमीटरवर आणले. नोव्हेंबर १९९८ मध्ये सेवा सुरू, ऑगस्ट १९९९ मध्ये दिवाळे. यंत्रणा चालत होती, गिऱ्हाईक नव्हते. तोवर जमिनीवर स्वस्त मोबाइलचे टॉवर उभे राहिले होते. माझ्या मते कुठल्याही रॉकेटपेक्षा या दिवाळ्याने धंद्याला जास्त शिकवले.

२०१५ मध्ये स्पेसएक्स या अमेरिकन कंपनीच्या फाल्कन-९ रॉकेटचा पहिला टप्पा परत जमिनीवर उतरला. तो पुन्हा वापरता येऊ लागल्यावर उड्डाणाचा खर्च उतरला. मे २०१९ मध्ये तिच्याच स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट सेवेचे पहिले ६० उपग्रह एकाच खेपेत गेले. आज ते हजारोंत आहेत. तशीच सेवा देऊ पाहणाऱ्या वनवेब कंपनीचेही २०२० मध्ये दिवाळे निघाले. एअरटेलवाल्या भारती समूहाने आणि ब्रिटिश सरकारने तिला विकत घेतले. युक्रेन युद्धामुळे तिला रशियन रॉकेटे मिळेनाशी झाली, तेव्हा तिचे ७२ उपग्रह श्रीहरिकोट्याहून इस्रोने सोडले.

आपल्याकडे उपग्रह आला तो सरकारी शिक्षक म्हणून. १९७५-७६ मध्ये अमेरिकेकडून उसना घेतलेला उपग्रह २,४०० खेड्यांना कार्यक्रम दाखवत होता. बडोद्याच्या उत्तरेला, खेडा जिल्ह्यातल्या पीजचे दूरदर्शन केंद्र त्याच काळातले. सारे सरकारच्याच हाती होते, म्हणूनच बहुधा खासगी कंपन्या इतकी वर्षे सुटे भाग पुरवण्यापुरत्याच राहिल्या. २०२० मध्ये त्यांच्यासाठी इन-स्पेस ही परवानग्या देणारी सरकारी संस्था जाहीर झाली, तिचे मुख्यालय अहमदाबादला. २०२३ मध्ये अवकाश धोरण आले, २०२४ मध्ये परकी गुंतवणुकीचे नियम सैल झाले. जून २०२५ मध्ये स्टारलिंकला दूरसंचार परवानाही मिळाला. पण बडोदे शहरात फायबर आहे. या सेवेचे खरे गिऱ्हाईक छोटा उदेपूरच्या डोंगरी पाड्यांत असू शकते, आणि तिथल्या माणसाला परवडेल असा दर लावायचा तर हिशेब पुन्हा इरिडियमपाशीच येतो.