जीवाश्मांचा खर्च कोणाच्या खात्यावर?

भारतात जीवाश्मांच्या अभ्यासाला सरकारी पैसा फार पूर्वीपासून मिळत आला आहे; मात्र तो जीवाश्मांच्या नावाने क्वचितच आला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था 1851 मध्ये उभी राहिली ती मुख्यतः कोळशाच्या शोधासाठी. दूरदूरच्या खोऱ्यांतले थर एकाच काळातले आहेत की नाहीत हे ठरवताना ग्लॉसोप्टेरिससारख्या वनस्पतींच्या पानांचे ठसे भरवशाचे ठरत, आणि म्हणून कोळशाच्या हिशेबात जीवाश्मांचाही खर्च सामावला जाई. 1861 पासून तर या संस्थेने जीवाश्मांच्या वर्णनासाठी स्वतंत्र ग्रंथमालाच सुरू केली. पुढे तेल आले. विहीर खोदताना वर येणाऱ्या खडकाच्या चुऱ्यात फोरॅमिनिफेरा नावाच्या सूक्ष्म सागरी जीवांची कवचे सापडतात आणि त्यांवरून थराचे वय कळते, त्यामुळे तेल कंपन्या आजही सूक्ष्मजीवाश्मांचे तज्ज्ञ पदरी बाळगतात. डायनोसॉरच्या हाडांना असा कोणी यजमान नाही.

त्यांच्या वाट्याला आले ते बहुधा एखाद्या जाणत्या माणसाच्या मर्जीने. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत, म्हणजे संख्याशास्त्राच्या घरात, लंडनच्या जीवाश्मतज्ज्ञ पामेला रॉबिन्सन यांना बोलावून भूविज्ञानाचा विभाग उभा केला. त्या विभागाने आपल्या सिरोंच्याला लागून असलेल्या प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातून बारापासॉरस या महाकाय डायनोसॉरची सुमारे 300 हाडे काढली. 1961 च्या सुमारास उत्खननाला आरंभ झाला, प्राण्याचे नामकरण 1975 मध्ये झाले आणि सांगाडा 1977 मध्ये उभा राहिला. एवढा काळ धीर धरणारी संस्था पाठीशी होती, म्हणूनच हे घडले.

जीवाश्म संशोधनात खोदकाम हा तुलनेने स्वस्त भाग असतो, ही गोष्ट अनुदान देणाऱ्यांच्या ध्यानात सहसा येत नाही. खरा खर्च नंतरचा: दगडातून हाड सोडवणारे कुशल हात, कोरडे गोदाम, नोंदवही, सीटी स्कॅन आणि तुलनेसाठी परदेशी संग्रहालयांतले नमुने पाहण्याची सोय. सर्वेक्षणातील शास्त्रज्ञ धनंजय मोहबे यांना 1984 मध्ये गुजरातमधील ढोली डुंगरी येथे डायनोसॉरच्या अंड्यांजवळ काही हाडे मिळाली. ती अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाची असावीत, असे त्या वेळी वाटले. 2001 मध्ये अमेरिकेच्या मिशिगन विद्यापीठातील जेफ्री विल्सन यांनी तोच दगड पाहिला आणि त्यातले काही मणके सापाचे असल्याचे त्यांना दिसले. शोधनिबंध 2010 मध्ये निघाला: सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घातलेला, शेजारी पिल्लू, आणि काळ 6 कोटी 70 लाख वर्षांपूर्वीचा. पहिल्या शोधापासून 26 वर्षे लागली. सामान्यतः तीन वर्षांचे असणारे प्रकल्प-अनुदान या अवधीत आठ वेळा संपले असते! दगड सरकारी संग्रहात सुरक्षित राहिला, म्हणून सापाची ओळख पटली.

सगळ्याच नमुन्यांचे नशीब असे नसते. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जम्मूतील कालाकोट परिसरातून आणलेले दगड त्यांच्या निधनानंतर एखाद्या संस्थेने नव्हे, तर त्यांच्या पत्नीने जपले. त्या दगडांतून पुढे इंडोहायस या लहानशा खुरवाल्या प्राण्याची कवटी निघाली आणि देवमाशांचा तो जवळचा नातलग असल्याचे 2007 मध्ये जाहीर झाले. उत्क्रांतीचा इतका मोलाचा पुरावा एका कुटुंबाच्या निष्ठेवर टिकावा, हे त्या कुटुंबाला भूषणावह आहे, व्यवस्थेला नव्हे.

महाराष्ट्रातील उदाहरण घ्यायचे तर चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्याचे. तिथली डायनोसॉरांची अश्मीभूत विष्ठा एकोणिसाव्या शतकापासून अभ्यासकांना माहीत होती. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यातील वनस्पतींचे सूक्ष्म सिलिका-कण तपासले. त्यात निरनिराळ्या गवतांचे कण निघाले, आणि डायनोसॉरांच्या काळात गवत असल्याचे 2005 मध्ये सिद्ध झाले. जुन्या परिचयाच्या वस्तूकडे नव्या साधनाने पाहणारी कायम प्रयोगशाळा असल्याचा हा लाभ होता.

आता संशोधनाचा निधी नव्याने रचला जात आहे. 2023 च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत 50,000 कोटी रुपयांचा अंदाज मांडला गेला, आणि त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून, मुख्यतः उद्योगांकडून अपेक्षित आहे. बॅटरी किंवा औषधे यांच्या संशोधनाला उद्योग पैसा देतील, हे उघड आहे. पिसदुऱ्याच्या विष्ठेला किंवा ढोली डुंगरीच्या दगडाला कोणता उद्योग देईल, हे सांगणे अवघड आहे. त्यामुळे निदान हाडे सोडवणाऱ्या तंत्रज्ञांची पदे आणि संग्रहांची देखभाल हे दोन खर्च प्रकल्पांतून वगळून सरकारच्या नित्याच्या अंदाजपत्रकात धरले पाहिजेत.