चार्जरवरचा नारिंगी गोल आणि कथलाच्या मिशा

परवा सांगलीच्या विश्रामबागमधल्या एका लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात बसलो होतो. एका काकांनी पिशवीतून चार्जर काढून काउंटरवर ठेवला. "हे बघा, नारिंगी गोलात १० लिहिलंय. घेऊन अकरा वर्षं झाली. मुदत संपली, आता ह्यातनं विष सुटतंय म्हणं." व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं. दुकानदार हसला, पण नीट उत्तर त्यालाही देता येईना.

तो गोल चीनच्या कायद्यातला. १ मार्च २००७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर तो आला. आत शिसं, पारा, कॅडमियम अशांपैकी काहीतरी मर्यादेपेक्षा जास्त आहे, पण नेहमीच्या वापरात इतकी वर्षं ते बाहेर येणार नाही, एवढंच तो सांगतो. आणि हा आकडा ठरवतो खुद्द उत्पादक. औषधाच्या बाटलीवरची ती तारीख नव्हे.

शेजारीच फुली मारलेली, चाकांची कचरापेटी असते. पुष्कळांना ती 'पर्यावरणपूरक' असल्याची खूण वाटते. तिचा अर्थ फक्त 'घंटागाडीत टाकू नका' असा आहे. पेटीखाली जाड आडवी पट्टी असली, तर वस्तू १३ ऑगस्ट २००५ नंतर युरोपच्या बाजारात आलेली. २०१९च्या महापुरानंतर आपल्याकडे गाद्या, कपाटं, टीव्ही, कॉम्प्युटर एकाच ढिगात पडले होते, त्यांतल्या कितीतरी वस्तूंवर ही फुली असणार.

१९९२ पासूनचा 'एनर्जी स्टार', म्हणजे वीज वाचवणाऱ्या वस्तूंवरचा अमेरिकी सरकारचा तारा, फक्त विजेपुरता बोलतो. त्याच्यावरही डोळे मिटून विश्वास नको. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांनी २०१० मध्ये खोट्या वस्तूंचे अर्ज भरून पाहिले, तर १५ वस्तूंना तारा मिळाला. त्यात पेट्रोलवर चालणारं गजराचं घड्याळही होतं! मग बाहेरच्या प्रयोगशाळेची तपासणी सक्तीची झाली. (मोबाइलच्या पाठीला चिकटवायच्या 'रेडिएशन शोषणाऱ्या' चकत्यांना तर खोटा अर्जसुद्धा करावा लागत नाही. ती चकती खरंच लहरी अडवत असती, तर रेंज धरायला फोनने जास्तच जोर लावला असता.)

मला मात्र खरा रस आहे तो 'शिसेमुक्त' या शब्दात. १ जुलै २००६ पासून युरोपने इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या सहा घातक पदार्थांवर मर्यादा घातली. शिसं ०.१ टक्क्याच्या आत, कॅडमियम ०.०१ टक्क्याच्या आत. भारताच्या ई-कचरा नियमांतही ह्याच मर्यादा आल्या. त्याआधी सोल्डर, म्हणजे सर्किटचे सांधे जोडायचा मिश्रधातू, असायचा ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं. एकटं कथील २३२ अंशांना वितळतं, एकटं शिसं ३२७ला, पण ह्या प्रमाणात एकत्र आले की १८३लाच पाणी. शिसं काढून थोडी चांदी आणि तांबं घातलं, तर वितळायला २१७ अंशांच्या पुढे जावं लागतं. ते निभावलं. पण शिसं आणखी एक काम गुपचूप करत होतं.

कल्हईवाला आठवा. तांब्याच्या भांड्यावर कथील. चिपच्या पायांवरही तेच असतं, फक्त विजेने चढवलेलं. कालांतराने तांबं त्या कथलात शिरतं. सहा अणू तांब्याचे, पाच कथलाचे, असा नवा संयुग स्फटिक कथलाच्या कणांच्या फटींत तयार होतो आणि जागा मागतो. गच्च भरलेल्या एसटीत आणखी चारजण चढावेत, तसा दाब वाढतो. वरचा पातळ ऑक्साइडचा थर एखाद्या ठिकाणी फुटतो आणि तिथून कथील केसासारखं बाहेर येतं. गंमत म्हणजे हा केस टोकाने वाढत नाही, बुडातून ढकलला जातो, आपल्या डोक्यावरच्या केसासारखाच. जाडी साधारण मायक्रॉनभर (मिलिमीटरचा हजारावा भाग), लांबी कधी मिलिमीटरहूनही जास्त. शेजारच्या पायाला टेकला की शॉर्ट. ह्यालाच कथलाच्या मिशा म्हणतात. थोडं शिसं मिसळलं की कणांची ठेवण बदलते, दाब सैल होतो आणि मिशा फुटत नाहीत. १९९८ मध्ये गॅलेक्सी-४ हा उपग्रह बंद पडून अमेरिकेतले बहुतेक पेजर मुके झाले, त्याचंही खापर ह्या मिशांवरच फुटलं.

आता तांबं आणि कथील यांच्यामध्ये निकेलचा थर देतात, किंवा चढवलेलं कथील तापवून दाब उतरवतात. घरच्या भांड्यांची काळजी नको. कल्हई वितळवून लावतात, त्यामुळे तिच्यात हा दाब फारसा साठत नाही.

दुकानदाराने काकांचा चार्जर उघडला. आत एक सांधा तडकला होता. त्याने टेबलावरचं रीळ ओढलं, तार लावली, सांधा चकचकीत झाला. रिळावर लिहिलं होतं ६३/३७. "शिसेवाली तार लवकर वितळते सर, काम झटपट होतं."