‘लक्ष देऊ नको’ म्हणण्याआधी

माझा भाचा सहावीत आहे, अंबाजोगाईजवळच्या एका शाळेत. जुलैपासून त्याचा डबा संध्याकाळी जसाच्या तसा घरी यायला लागला. ज्वारीची भाकरी वाळून वाकडी झालेली, चटणीचं तेल तिच्या कडेला मुरलेलं. बहिणीचा फोन आला, “दादा, लेकरू शाळेत काही खाईनाच.” सोमवारी सकाळी हमखास पोट दुखायचं, म्हणून आजीनं दृष्ट काढली, मनगटात काळा दोरा आला. शेजारच्यांनी तर डोळे बांधून वाचायला शिकवणारा ‘मिडब्रेन’चा क्लास सुचवला. तिथं मुलं नाकाजवळच्या फटीतून खाली बघून वाचतात, मेंदू वगैरे काही जागा होत नाही! पोटदुखी मात्र खरी होती. भीतीनं शरीरात जी रसायनं सुटतात ती आतड्यांची हालचाल बिघडवतात, आणि दोऱ्याला ती कळत नाहीत. कारण आठ दिवसांनी बाहेर आलं: वर्गातली चार-पाच पोरं त्याला ‘ए भाकरी’ म्हणून हाक मारत होती.

मी लगेच सांगून टाकलं, “लक्ष देऊ नको, आपोआप गप्प बसतील.” चौथ्या दिवशी तो म्हणाला, “मामा, मी गप बसलो की ते जास्तच चिडवायलेत.”

पोरगं अगदी खरं सांगत होतं, आणि त्यामागचं विज्ञान जवळपास नव्वद वर्षं जुनं आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेत बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञानं एका पेटीत उंदीर ठेवला. आत एक दांडी होती. ती दाबली की खाण्याची गोळी पडायची. एकदा गोळ्या टाकणारं यंत्रच अडकलं. उंदीर दाबत राहिला, गोळी काही येईना, आणि सवय विझत कशी जाते याचा पहिला आलेख स्किनरला असा अपघातानं मिळाला. या विझण्याला विलोपन म्हणतात. पण सवय सरळ उतरणीनं विझत नाही. दाणा थांबला की बरेचदा प्राणी आधी जास्त जोरात, जास्त वेळा दांडी दाबतो. आपणही तेच करतो. विहिरीवरची मोटार उचलत नसली, तर स्टार्टरचं बटण सोडून देण्याआधी दहा वेळा दाबतोच की.

पुढचा भाग मला फार आवडतो. स्किनर गोळ्या स्वतःच तयार करायचा. एका शनिवारी त्याच्या लक्षात आलं, की साठा सोमवारी सकाळपर्यंत संपणार. मग त्यानं ठरवलं, दर दाबाला गोळी द्यायचीच नाही, मिनिटाला एकच द्यायची. उंदीर तरीही दाबत राहिला. यातूनच पुढं अंशतः प्रबलनाचा अभ्यास उभा राहिला: बक्षीस दर वेळी न मिळता अधूनमधून मिळालं, तर सवय जास्त चिवट होते. कारण साधं आहे. दर वेळी दाणा मिळणाऱ्याला एक रिकामी खेपसुद्धा खटकते. सरासरी पाचात एकदा, पण नेमका कधी ते ठाऊक नाही, अशा पद्धतीनं दाणा मिळणाऱ्याला सलग दहा रिकाम्या खेपासुद्धा नेहमीच्याच वाटतात. नियम बदललाय हे त्याला कळणार कसं?

आता वर्गात या. सोमवार ते बुधवार भाचा गप्प बसला. पोरांनी आवाज वाढवला, गुरुवारी डबा लपवला. तेव्हा त्याला रडू फुटलं. म्हणजे दाणा नेमका तेव्हा पडला, जेव्हा दांडी सगळ्यात जोरात दाबली गेली होती. माझ्या सल्ल्यानं त्यांची सवय आणखी पक्की केली, याचं मला वाईट वाटतं.

माणूस म्हणजे उंदीर नव्हे, आणि इथं तर दाणा टाकणारे अनेक आहेत. भाचा दगडासारखा बसला, तरी मागच्या बाकावर हशा पिकतोच. कॅनडात डेब्रा पेपलर, वेंडी क्रेग आणि सहकाऱ्यांनी शाळेच्या मैदानावर कॅमेरे आणि मुलांच्या अंगावर मायक्रोफोन लावून हे प्रसंग टिपले. २००१ साली छापलेल्या त्यांच्या नोंदी सांगतात, की ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती, मध्ये पडली फक्त १९ टक्क्यांत. पण जिथं कुणी मध्ये पडलं, तिथं निम्म्याहून जास्त वेळा, ५७ टक्के, त्रास दहा सेकंदांत थांबला.

म्हणून आता आम्ही भाच्याला गप्प बसायला सांगत नाही. ‘हो, भाकरी आहे, खायची का?’ एवढं एकच वाक्य, रोज तेच, त्याच आवाजात. घरी बहिणीसमोर त्यानं हे वीसेक वेळा म्हणून पाहिलं. पहिले काही दिवस त्रास वाढेल, हेही त्याला आधीच सांगून ठेवलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बहिणीनं वर्गशिक्षिकेला भेटून विनंती केली, की चिडवणाऱ्यांना सगळ्यांसमोर उभं करू नका, हसणाऱ्यांशी बोला, आणि डबा खायला दोन शांत मुलं याच्यासोबत बसवा.

हे सगळं साध्या चिडवण्यापुरतं. मुद्दाम, वारंवार आणि आपल्यापेक्षा दुबळ्याला दिलेला त्रास, अशा तीन खुणा नॉर्वेत काम केलेल्या डॅन ऑल्वेउस यांनी सांगितल्या आहेत. त्या तिन्ही दिसल्या, जातीवरून बोललं गेलं किंवा अंगावर हात पडला, तर पोराला वाक्यं शिकवत बसू नका. थेट मुख्याध्यापकांकडे जा, तिथं दाद लागली नाही तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

बहीण भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खुणा करते, एका चिडवण्याला एक. पहिल्या आठवड्यात त्या वाढल्या, दुसऱ्यात तेवढ्याच राहिल्या. मागच्या आठवड्यात दोनच होत्या. दोन्ही मधल्या सुट्टीतल्या, नळाजवळच्या, जिथं कुणी शिक्षक नसतात. सोमवारी ती कॅलेंडरचं पान घेऊन शाळेत जाणार आहे.