मॉडेल बोटीचा शाफ्ट झिजतो कशामुळं: जुन्या आगबोटींपासून आपल्या शेततळ्यापर्यंत

रिमोटच्या बोटीचा शाफ्ट, म्हणजे मोटरपासून मागच्या पंख्यापर्यंत जाणारी फिरती दांडी, झिजला की सगळे आधी ग्रीसला शिव्या घालतात, मग बोट बनवणाऱ्या कंपनीला, पण हा रोग लई जुना आहे, मॉडेलच्याही आधीचा, खऱ्या आगबोटींचा. बाजूला मोठी चाकं लावलेल्या आगबोटी होत्या तोवर चाकाचा आस पाण्याच्या वर असायचा, त्याला तेल घालायला माणूस हात पोचवू शकायचा. १८३६ मध्ये इंग्लंडात फ्रान्सिस पेटिट स्मिथ आणि जॉन एरिक्सन या दोघांनी वेगवेगळं स्क्रू प्रोपेलरचं, म्हणजे पाण्याखाली फिरून जहाज ढकलणाऱ्या पंख्याचं, पेटंट घेतलं, १८४३ मध्ये ग्रेट ब्रिटन नावाचं मोठं लोखंडी जहाज प्रोपेलर लावूनच पाण्यात उतरलं, आणि इथून पुढं शाफ्ट जहाजाच्या बुडातून, पाण्याच्या खालून बाहेर काढायची वेळ आली. म्हणजे भोक पाडायचं, त्यात शाफ्ट फिरवायचा, पाणी आत येऊ द्यायचं नाही आणि तेलही टिकवायचं, तेही खारट पाण्यात.

सुरवातीला सरळ पितळी बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या कड्या, टाकले. ते इतक्या लवकर झिजायचे की शाफ्ट हादरायला लागायचा आणि मागून पाणी आत. यावर उपाय निघाला तो लाकडाचा, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पण खरं वाटलं नव्हतं. १८५४ मध्ये जॉन पेन या इंजिनिअरने त्याच स्मिथला सोबत घेऊन लिग्नम व्हायटी नावाच्या लाकडाच्या पट्ट्या बुशमध्ये बसवायचं पेटंट काढलं. हे लाकूड पाण्यात बुडतं इतकं जड, आणि त्यात स्वतःचीच तेलकट राळ असते. पट्ट्यांच्या मधे फटी ठेवायच्या, त्यातून समुद्राचं पाणी वाहू द्यायचं, तेच वंगण. पाण्याशी भांडायचं सोडून त्यालाच कामाला लावलं ना भौ! पुढं शंभर वर्षं जहाजांमधे हेच लाकूड चाललं.

पण पाण्यात रेती असली की काय? याचं उत्तर जहाजवाल्यांनी नाही, पंपवाल्यांनी दिलं. १९२० च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स शेरवूड नावाच्या खाण इंजिनिअरने पंपाच्या बेअरिंगच्या जागी रबर वापरून बघितलं आणि ते धातूपेक्षा जास्त टिकलं. रेतीचा कण आला की रबर दबतं, कण गडगडत खाचेत जातो आणि पाण्याबरोबर बाहेर. बी. एफ. गुडरिच कंपनीने पुढं हेच कटलेस नावानं जहाजांसाठी विकलं. आपल्या मराठवाड्यात हे कोणाला शिकवायची गरजच नाही, बोअरच्या सबमर्सिबलच्या पंपात खाचा पाडलेला रबरी बुश असतो तो याच जातीचा, आणि पाण्यावर चालणारी मोटर बोअरात सोडायच्या आधी तिच्यात स्वच्छ पाणी भरावं लागतं हे रिवायंडिंगच्या दुकानातलं पोरगं पण सांगतं.

आता मॉडेलकडं येऊ. रेडिओवर बोट चालवून दाखवली ती निकोला टेस्लाने, १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधे, पेटंट त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला मिळालं. नंतरची कित्येक दशकं छंदाच्या साध्या बॅटरीवाल्या बोटी तशा हळूच चालायच्या, ब्रशवाली मोटर, जड बॅटरी, शाफ्ट मिनिटाला दोन-तीन हजार फेरे मारणार. तेवढ्याला पितळी नळी, दोन टोकांना दोन बुश, आत ४ एमएमचा स्टीलचा शाफ्ट आणि नळीभर ग्रीस ही रचना पुरून उरायची. मॉडेलवाल्यांनी पेनचा रस्ता घेतलाच नाही, पाणी बाहेर ठेवायचाच रस्ता घेतला.

गणित बिघडलं ते ब्रशलेस (ब्रश नसलेली, जास्त वेगाची) मोटर आणि लायपो (हलकी लिथियमची) बॅटरी स्वस्त झाल्यावर. २००० केव्हीची (इथं केव्ही म्हणजे दर व्होल्टमागं मिनिटाचे फेरे) मोटर ११.१ व्होल्टवर लोड नसताना २२,००० च्या आसपास फिरते. ४ एमएमच्या शाफ्टचा घेर साडेबारा एमएम, म्हणजे २०,००० फेऱ्यांना बुशच्या आतून मिनिटाला अडीचशे मीटर स्टील घासत जातं, जुन्या ३,००० च्या मोटरला हेच ३८ मीटर होतं. रचना मात्र तीच राहिली. म्हणून फास्ट बोटीवाले वाकणाऱ्या केबलच्या शाफ्टकडं गेले, नळीत टेफ्लॉनचं अस्तर घालायला लागले (टेफ्लॉन १९३८ मध्ये ड्युपॉन्टच्या रॉय प्लंकेटला अपघातानंच सापडलं होतं). केबल लोडखाली पीळ खाऊन आखडते, म्हणून मागं स्ट्रट (शाफ्टला बाहेर धरून ठेवणारा आधार) आणि प्रोपेलरच्या ड्राइव्ह डॉगच्या (प्रोपेलरला पकडून फिरवणाऱ्या तुकड्याच्या) मधे दोन-तीन एमएम फट ठेवावी लागते, नाहीतर तिथंच घासून सगळं गरम.

आपल्याकडचा त्रास अजून वेगळा. जायकवाडीत बोट सोडायचा विचार करू नका, ते पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळं उरतं ते शेततळं नाहीतर गावचा तलाव, आणि तिथं काळ्या मातीचा गाळ. शाफ्ट बाहेर ओढून बघा, मोटरकडचं ग्रीस स्वच्छ पिवळं आणि प्रोपेलरकडच्या टोकाला करडी-काळी पेस्ट, अगदी व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखी. पुसून नख फिरवलं की बुशच्या जागी शाफ्टवर चर लागतो. गंमत म्हणजे पितळी बुश वरून ठीक दिसतो आणि स्टील झिजलेलं असतं, कारण बारीक कण मऊ पितळेत रुतून बसतात आणि तिथून कडक शाफ्टला कापत राहतात. हे कळलं नाही की माणूस शाफ्टच्या स्टीललाच दोष देतो.

म्हणून माझ्या मते महागडं ग्रीस हा मुद्दाच नाही, जुनं ग्रीस गाळासकट बाहेर ढकललं जातंय का हा आहे. नळीच्या मधे बारीक पितळी नळी झाळून घ्यायची, तिच्यातून सिरिंजनं ग्रीस दाबायचं, मागच्या टोकाला स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत. कपलिंग (मोटर आणि शाफ्टचा जोड) सरळ रेषेत हवं, प्रोपेलर बॅलन्स केलेला हवा, प्रोपेलरचा पुढं ढकलणारा धक्का मोटरच्या बेअरिंगवर न जाता वॉशरवर यायला हवा, हे आहेच. खाचांचा रबरी बुश छोट्या मॉडेलमधे बसवायचा तर जागा पुरत नाही, आणि स्टँडवर कोरडी बोट रेस केली की रबर जळतंच, त्यामुळं तो मोठ्या हळू बोटींनाच ठीक. बाकीच्यांसाठी वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कुठल्याही लेथवाल्याकडून गन मेटलचा बुश करून घ्या, पण शाफ्टसकट बदला, कारण चर पडलेल्या जुन्या शाफ्टवर नवा बुश पहिल्या बॅटरीतच ढिला व्हायला लागतो.